अण्णांचा गुडघा

३ मार्च, सोमवार

कंपनीने वर्षाच्या सुरुवातीला दिलेली डायरी दोन महिने कपाटावर पडून होती. आज खाली काढली. लिफ्ट का अडते ते कळेनासं झालं की मी नोंदवहीत लिहून काढतो: काय पाहिलं, कसला आवाज आला, कितव्या माळ्यावर अडली. लिहिता लिहिता दोष सापडतो. निम्म्या लिफ्टा मी अशाच चालू केल्या आहेत. तेव्हा घरचा प्रश्नही तसाच लिहून पाहावा.

प्रश्न असा. आम्हा मेकॅनिक लोकांना आजवर फक्त अपघाताचा विमा होता. कामावर पडलो-झडलो तरच उपयोग. आता आजारपणाचाही मिळणार. आज गोदामात सगळ्यांना खोक्यांवर बसवून ऑफिसातल्या बाईंनी समजावून सांगितलं. प्रत्येकाला चार नावं. कोणती चार, ते ज्याचं त्याने ठरवायचं. जुनं दुखणं असलं तरी एक एप्रिलपासून खर्च मिळणार, पण नाव वीस मार्चच्या आत फॉर्मवर आलं पाहिजे. जे राहिलं ते पुढच्या मार्चपर्यंत राहिलं.

"निवड तुमची आणि जबाबदारीही तुमची. नंतर माझ्या टेबलाशी येऊन रडायचं नाही," बाई म्हणाल्या. स्वभावाने चांगल्या आहेत, बोलणं तेवढं धोक्याच्या घंटेसारखं.

आमच्या घरात माणसं पाच. मी, ही, आमची चिमणी (वय एकोणीस, कॉलेज आणि स्कूटर), माझी आई, आणि हिचे वडील अण्णा. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, अण्णा आमच्याकडेच असतात. पाचातून चार नावं कशी काढायची?

४ मार्च, मंगळवार

जेवताना विषय काढला. काढायला नको होता.

आई म्हणाली, "माझं नाव घालू नकोस. मला काय धाड भरली आहे?" तिच्या साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी आणि तिसरी एक पिवळी ताटाशेजारी मांडून ठेवलेली होती.

अण्णा म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही राहू द्या. जावईबापू, माझं नाव गाळा. चाळीस वर्षं टपाल वाटलंय मी, दारोदार जिने चढून. अजून घोड्यासारखा आहे."

"घोडे त्र्याहत्तर वर्षं जगत नाहीत," आई म्हणाली.

मग दोघं इरेला पेटले. आपले डोळे उत्तम आहेत हे दाखवायला आईने सुईदोरा मागवला. तीनदा दोरा बाजूने गेला, चौथ्यांदा चिमणीने पलीकडून हळूच ओढून घेतला आणि आईने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. अण्णा मांडी घालून खाली बसले आणि हात न टेकता सरळ उभे राहिले. उठताना गुडघा वाजला असं मला वाटलं. जिद्दीने उठले बिचारे.

ही नुसती माझ्याकडे पाहत होती. वडिलांचं नाव राहील अशी धास्ती तिला वाटणारच, साहजिक आहे.

६ मार्च, गुरुवार

दिवसभर बँकेच्या जुन्या इमारतीत. मशीन रूम गच्चीवर. म्हणजे सात माळे पायी, कारण जी लिफ्ट दुरुस्त करायची तिच्यातूनच वर जाता येत नाही. लोकांना हे दरवेळी नव्याने सांगावं लागतं.

या इमारतीच्या पायऱ्या फारच उंच बांधल्या आहेत. पंधरा वर्षं येतोय, पण पूर्वी लक्षात आलं नव्हतं. चौथ्या माळ्यावर बुटाची नाडी बांधायला बसलो, सहाव्यावर दुसऱ्या बुटाची. माझ्या जोडीदाराला सगळे पक्कड म्हणतात, कारण एकदा धरलं की सोडत नाही. एकवीस वर्षं आम्ही बरोबर काम करतो. त्याने माझ्या खांद्यावरची हत्यारांची पिशवी काढून घेतली.

मी म्हटलं, "काय रे, रजा हवी आहे का?"

"तसंच समज," तो म्हणाला. कधी हवी ते मात्र सांगितलं नाही. गेले तीन आठवडे पिशवी तोच उचलतो, म्हणजे रजा चांगली मोठी हवी असणार.

८ मार्च, शनिवार

आज एक महत्त्वाची नोंद. अण्णांचा गुडघा गेला आहे.

भाजी घेऊन आम्ही दोघं परत आलो. आमची इमारत जुनी, चार माळ्यांची, आणि आम्ही शेवटच्या माळ्यावर. लिफ्ट नाही. लिफ्टवाला बिनलिफ्टच्या घरात राहतो हा विनोद मला आजवर इतक्या लोकांनी ऐकवला आहे की आता मी हसायचं सोडून दिलं आहे. तर, पहिल्याच माळ्यावर अण्णा थांबले. कठड्याला टेकले आणि उजवा गुडघा चोळायला लागले.

"दुखतोय का?" मी विचारलं.

"जरासा. तुम्ही व्हा पुढे."

त्यांना असं टाकून कसं जायचं? मीही थांबलो. दुसऱ्या माळ्यावर ते पुन्हा थांबले. तिथल्या शेजाऱ्यांच्या कुंड्या दाखवल्या आणि कोणत्या झाडाला किती पाणी लागतं हे अगदी बैजवार सांगितलं. तिसऱ्यावर पायरीवर चक्क बसलेच, मलाही हाताला धरून बसवलं आणि एका पाकिटाची गोष्ट काढली, जे अकरा वर्षांनी पत्त्यावर पोचलं होतं. गोष्ट लांबलचक होती. मला बरंच वाटलं, कारण पिशवी जड होती.

जानेवारीत ते एकदाच थांबायचे, दुसऱ्या माळ्यावर. आता प्रत्येक माळ्यावर. आठ आठवड्यांत इतकी झीज. आयुष्यभर जिने चढलेल्या माणसाचे गुडघे कधीतरी हिशेब मागणारच. आणि हा माणूस म्हणतो माझं नाव गाळा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला लिहू.

९ मार्च, रविवार

कोणाला गाळायचं यावर दिवसभर विचार. आई: तीन गोळ्या, म्हणजे प्रश्नच मिटला. अण्णा: गुडघा. ही: दोन वर्षांपूर्वी पित्ताशयाचे खडे काढले, तेव्हाच्या रात्री मी जागून काढल्या आहेत. चिमणी म्हणते, "बाबा, मला गाळा, मला सर्दीसुद्धा होत नाही." तिची स्कूटर मी पाहिली आहे. डावा आरसा कायमचा आकाशाकडे वळलेला असतो. तिला गाळणार नाही.

चारही नावं पक्की. दोष सापडत नाही.

आज जेवणानंतर छातीत जरा जळजळ. आईच्या हातचं तिखट.

११ मार्च, मंगळवार

सापडला.

आज एका दवाखान्याच्या लिफ्टचं काम होतं. डब्याच्या आत पाटी असते ना, "चार माणसे, २७२ किलो," ती साफ केली आणि नंतर मी नेहमीसारखा डब्याच्या छपरावर चढून दोराला तेल देत बसलो. आत चार माणसांची जागा आणि वर मी. तिथे एकदम डोक्यात आलं. मेकॅनिक कधीच डब्यातल्या माणसांत धरलेला नसतो. तो छपरावर असतो. पाटीवर त्याचा आकडा नसतो, आणि असायचं कारणही नाही, तो तर डबा चालवायलाच आलेला असतो.

चार जागा, आणि डब्यात बसणारी माणसंही चारच. आई, अण्णा, ही, चिमणी. मी आपला छपरावर. इतका सोपा प्रश्न आणि मी आठ दिवस कपाळाला हात लावून बसलो होतो.

मला झालंय तरी काय? तीस वर्षांत एक दात काढला तेवढाच. आणि कामावर पडलो तर अपघाताचा विमा आहेच. घरी सांगायचं नाही, उगाच बोभाटा होईल. इतकं हलकं वाटलं की पक्कडला चहा पाजला. त्याने मात्र मला पूर्ण वेळ पायरीवर बसवूनच प्यायला लावला.

डावा खांदा अवघडला आहे. पाना जास्त ओढला असेल.

१३ मार्च, गुरुवार

फॉर्म भरून दिला आणि तसाच परत आला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"मिस्त्री, पहिली ओळ कर्मचाऱ्याची असते. तिथे तुम्ही आई लिहिलंय."

"बरोबरच आहे."

"आणि तुम्ही कुठे आहात?"

मी त्यांना छपराची गोष्ट समजावून सांगितली. बाईंनी चष्मा काढून पुसला. मग शेवटचं पान उलटून म्हणाल्या, "ज्याला वगळलं त्याची इथे सही लागते, आपलं नाव नाही हे मला माहीत आहे, अशी. ती तुम्हीच केली आहे. कर्मचारीही तुम्ही आणि वगळलेलेही तुम्हीच. मग घरच्या एका माणसाची सही साक्षीला लागेल."

"असा नियम आहे?"

"आजपासून आहे," बाई म्हणाल्या.

१४ मार्च, शुक्रवार

साक्षीला अण्णा बरे. ही काही सही करायची नाही, आई आधी रडेल, चिमणी सगळीकडे सांगत सुटेल. अण्णांना म्हटलं, "कंपनीचा कागद आहे, इथे खाली सही करा." बोट नेमकं सहीच्या जागेवर ठेवलं.

अण्णांनी माझं बोट उचलून बाजूला केलं.

"जावईबापू, मी चाळीस वर्षं लोकांच्या सह्या घेतल्या. न वाचता सही करणारी माणसं किती असतात ते मला ठाऊक आहे. राहू द्या माझ्याकडे, सावकाश वाचतो." असं म्हणून कागद घडी करून खिशात घातला.

एका पानाला किती वेळ लागतो? वयाबरोबर वाचनही मंदावतं.

१५ मार्च, शनिवार

आज एक विचित्र गोष्ट. काम लवकर संपलं म्हणून दुपारीच घरी आलो. वर चढायच्या आधी समोरच्या फुटपाथवर जरा उभा राहिलो. हल्ली मी राहतो उभा, इमारत छान दिसते तिथून. जिन्याच्या जाळीतून अण्णा वर जाताना दिसले. दोन्ही हातांत पिशव्या. एकेक पायरी गाळून चढत होते. पहिला माळा, दुसरा, तिसरा, कुठेही थांबले नाहीत. शीळही घालत होते बहुतेक.

बराच विचार केला. सांध्यांचं दुखणं संध्याकाळी वाढतं असं ऐकलं आहे. दुपारी आराम असतो.

१६ मार्च, रविवार

अण्णा म्हणाले, "उद्या गुडघा डॉक्टरांना दाखवायचा म्हणतो. एकट्याने जायला नको वाटतं, तुम्ही याल?" माझ्याकडे मदत मागणारा हा माणूस नव्हे. म्हणजे दुखणं बरंच असणार. सुटी टाकली. पक्कड फोनवर म्हणाला, "टाक टाक, एक का, चार टाक."

कागदाचं विचारलं. म्हणाले, वाचतोय.

१७ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी अण्णांचा गुडघा दोन बोटांनी दाबला, "ठीक आहे" म्हणाले आणि लगेच माझ्याकडे वळले. "जोडीने आला आहात तर तुमच्या हृदयाची पट्टी काढू." मी म्हटलं, माझं काय काम? अण्णा म्हणाले, "घ्या काढून, वेळ आहे आपल्याकडे." मग मला आडवं केलं, छातीला तारा लावल्या. जोडण्या नीट केल्या होत्या, मी पाहिल्या.

पट्टी बाहेर आली. मशीन रूममध्ये एखादा दोर हातात घेतल्यावर आतल्या तारा तुटलेल्या लागल्या की माझा चेहरा जसा होत असेल, तसा डॉक्टरांचा झाला. आवाज मात्र साधाच ठेवला. "आजच मोठ्या रुग्णालयात जा. चालत नाही, गाडीने."

गाडी खाली उभीच होती. अण्णांनी आधीपासून थांबवून ठेवली होती. मागच्या सीटवर ही बसलेली होती, मांडीवर माझे कपडे भरलेली पिशवी घेऊन. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडायला सुरुवात झाली.

१८ मार्च, मंगळवार

दोन रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत. आत स्टेंट बसवावे लागतील. मोठे डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, गोळ्यांवर दोन-तीन आठवडे निघतील, त्यापुढे मात्र ढकलायचं नाही. आणि जिने चढायचे नाहीत. हिने विचारलं, घर चौथ्या माळ्यावर आहे, करायचं काय? डॉक्टरांनी विचारलं, लिफ्ट नाही का? मी छताकडे पाहिलं.

संध्याकाळी पक्कड आणि दुसऱ्या माळ्यावरचे कुंड्यावाले शेजारी या दोघांनी मला खुर्चीत बसवून वर नेलं. अण्णा पिशव्या घेऊन पुढे धावले, दार उघडून खाली आले, मध्ये टेकायला एक स्टूल घेऊन पुन्हा वर गेले, चिमणीला हाक मारायला पुन्हा खाली. मी खुर्चीत बसून मोजत होतो. तीन फेऱ्या झाल्या. गुडघ्याकडे हातसुद्धा नेला नाही.

घरात आल्यावर मी म्हटलं, "अण्णा, तुमचा गुडघा?"

अण्णांनी कपाळावरचा घाम पुसला आणि खिडकीबाहेर पाहायला लागले. उत्तर हिने दिलं.

"त्यांच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. तुम्ही दुसऱ्या माळ्यावर पांढरेफटक पडता आणि विचारलं की म्हणता पायऱ्या उंच आहेत. मी सांगून थकले, डॉक्टरांकडे चला म्हणून. मग अण्णा म्हणाले, निदान वाटेत थांबवतो तरी. गेले दोन महिने तो गुडघा तुमच्यासाठी दुखतोय."

आणि मी? त्या गुडघ्यासाठीच तर मी माझं नाव गाळलं होतं.

मग तिने तो कागद माझ्यासमोर ठेवला. अण्णांनी तो शुक्रवारीच वाचून तिला दिला होता. साक्षीची जागा कोरीच होती. तिला वाईट वाटलं होतं, राग आला होता, आणि दोन्ही तिने चार दिवस आत ठेवलं होतं. मी छपराची गोष्ट पुन्हा सांगायला लागलो. पाटी, चार माणसं, मेकॅनिक वर.

"ते कळलं," ती म्हणाली. "पण वरचा माणूस पडला तर आतल्या चौघांना खाली कोण उतरवणार?"

तीस वर्षं लिफ्टचं काम करतो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. जबाबदारी म्हणजे स्वतःला गाळणं, असं मी धरून चाललो होतो, आणि वर स्वतःवर खूशही होतो.

पक्कडने ऑफिसातून आणलेला कोरा फॉर्म चिमणीने पुढे ठेवला. पहिल्या ओळीत माझं नाव हिने स्वतःच्या हाताने लिहिलं, पेन इतकं दाबून की मागच्या पानावर उमटलं. मग खाली तीन जागा आणि माणसं चार. आई म्हणाली, आता तरी माझं ऐका. अण्णा म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही आधी सुईत दोरा ओवून दाखवा, चिमणीला बाहेर पाठवून." आईने माघार घेतली. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

अण्णांनी शेवटचं पान उघडलं, वगळलेल्या माणसाच्या सहीच्या ओळीवरून बोट फिरवत पूर्ण वाचलं आणि सही केली. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "वर्षभरात तुम्हाला काही झालं तर?"

"वर्षभर मी काही होऊ देत नाही," ते म्हणाले. "एका तरुण माणसाने घोड्यासारखं राहायचं ठरवलं तर तुमची काय हरकत आहे? तुम्ही माझ्या मुलीला नीट पोचवा पुढे. हे पाकीट मी तुमच्या हातात दिलंय."

मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं, आणि आईने ओढणी शोधतेय असं दाखवून सगळ्यांना दुसऱ्या खोलीत नेलं. घरात ओढणी वापरणारी एकटी चिमणी, आणि ती तिच्या गळ्यातच होती.

१९ मार्च, बुधवार

फॉर्म पक्कडने नेला. बाईंनी पहिली ओळ वाचली, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "साक्षीच्या सहीचा नियम आजपासून रद्द." पक्कडने मला हे फोनवर सांगितलं. रजा त्याला नकोच होती, असंही सांगितलं. मला ते आता कळलं होतं.

३ एप्रिल, गुरुवार

झालं. दोन स्टेंट. मनगटातून घातले. मी जागाच होतो, पडद्यावर पाहत होतो. सुबक काम. तार कशी सरकवायची हे त्या डॉक्टरांना चांगलं कळतं.

खर्चाचा कागद विम्याकडे परस्पर गेला. ही बाहेर बाकावर बसल्या बसल्या झोपली होती. बऱ्याच दिवसांत झोपली नव्हती.

२६ एप्रिल, शनिवार

डॉक्टरांनी जिने चढायची परवानगी दिली, सावकाश चढायच्या अटीवर. स्टेंट घातल्यानंतरचे दिवस आम्ही हिच्या मावशीकडे तळमजल्यावर काढले. आज मी आणि अण्णा भाजी घेऊन आमच्या घरी निघालो. पिशवी अण्णांनी मला दिली नाही.

पहिल्या माळ्यावर मला थांबायची गरज नव्हती. दम लागला नव्हता, खरंच नव्हता. पण अण्णा थांबले, कठड्याला टेकले आणि गुडघा चोळायला लागले. आता आम्हा दोघांनाही सगळं ठाऊक आहे, तरी चोळत होते.

मी विचारलं, "दुखतोय का?"

"जरासा."

"दुखणारच. चाळीस वर्षं जिने चढलात." मीही शेजारी टेकलो. दुसऱ्या माळ्यावर कुंड्या पाहिल्या. एकीला नवीन कळी आली आहे.

तिसऱ्या माळ्याच्या अलीकडे अण्णांचं बोलणं मध्येच तुटलं. त्या पाकिटाची गोष्ट परत सांगत होते, आणि दोन शब्दांच्या मध्ये एक श्वास जास्त आला. पूर्वी मला ऐकू आला नसता. त्यांनी गुडघ्याला हात लावला नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढची पायरी चढले.

मी पायरीवर बसलो. म्हटलं, "अण्णा, मला दम लागला. दोन मिनिटं बसू या का?"

ते लगेच बसले. पिशवी मी माझ्याकडे ओढून घेतली आणि म्हटलं, ते पाकीट पुढे कुठे गेलं ते सांगा.